कुडोसचं एकवचन

"काका, यातला एस कुठे गेला?"

कंपनीच्या बाईंनी काउंटरवर ट्रॉफी ठेवत विचारलं, आणि त्याला आधी बरंच वाटलं. चला, आपली दुरुस्ती कुणाच्या तरी नजरेत आली. एरवी लोक ट्रॉफी घेतात, नाव बरोबर आहे ना तेवढं बघतात आणि पिशवीत टाकतात. वरच्या ओळीकडे कोण बघतो? कोरणी खाली ठेवून, भिंगाचा चष्मा कपाळावर सरकवून तो पुढे आला आणि समजावणीच्या सुरात म्हणाला, "मीच काढला तो. मागच्या वेळी तुमची अख्खी टीम होती, म्हणून एस होता. या वेळी एकच साहेब आहेत ना? मग एकाला एस कशाला?" बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. हसू आलं होतं, ते त्यांनी ओठ मिटून परतवलं, आणि त्या परतवलेल्या हसण्याने तो चरकला. सरळ हसल्या असत्या तर त्यानेही हसून घेतलं असतं.

"अहो काका," त्या हळूच म्हणाल्या, "कुडो असा शब्दच नाहीये. कुडोस हाच पूर्ण शब्द. तो एस अनेकांचा नाही, त्याचा स्वतःचाच आहे."

"म्हणजे एका माणसाला दिलं तरी?"

"एकाला दिलं तरी कुडोस, शंभरांना दिलं तरी कुडोस. दिसतं अनेकवचन, पण आहे एकवचन. मूळ ग्रीक शब्द आहे म्हणे, मीसुद्धा आजच बघितलं. आमच्यातल्या एकीने खोका उघडून बघितला म्हणून बरं, नाहीतर दुपारी स्टेजवर सगळ्यांसमोर शोभा झाली असती."

आतल्या खोलीतून मालक बाहेर आला. मालक म्हणजे थोरल्या मालकांचा मुलगा. याच दुकानात, याच टेबलाखाली रांगलेला. त्याने ट्रॉफीवरची पितळी पाटी वाचली, बाईंकडे बघून मान हलवली आणि म्हणाला, "काका, आलंय तेवढंच कोरायचं ना हो." किती अदबीने म्हणाला. थोरले मालक असते तर "अरे गधड्या, अति शहाणा त्याचा बैल रिकामा!" म्हणून दुकान डोक्यावर घेतलं असतं, आईबापांचा उद्धार केला असता आणि तासाभराने अर्धा कप चहा त्याच्यापुढे सरकवला असता. संपलं असतं प्रकरण. अदबीने बोललेलं संपत नाही. बाईंनी विचारलं, शेवटी एक एस घुसवता येईल का, तर त्याने नुसती मान हलवली. चारही अक्षरं मोजूनमापून मधोमध बसवलेली. आता शेजारी एस लावला तर बाकावर उशिरा आलेल्या माणसासारखा तो अर्धा बाहेर राहणार. "नवीनच पाटी करतो," तो म्हणाला. "बसा तुम्ही."

दुकानात अक्षरं कापणारं मशीन होतं, ते दिवसभर आतल्या खोलीत गुरगुरायचं. पण पितळेवर हाताने कोरून हवं असलेली गिऱ्हाइकं अजून थोडी टिकून होती आणि तेवढ्यापुरता तोही. त्याने नवी पाटी व्हाइसच्या जबड्यात आवळली. 'के'ला नुसत्या रेघा. यू एकदा वळतो, डी एकदा वळतो, ओ म्हणजे सगळं वळणच. एस मात्र दोनदा वळतो, आणि दुसऱ्यांदा तो नेमका उलटा वळतो. हात एकीकडे चाललेला असताना त्याला मध्येच मागे फिरवावं लागतं, आणि तिथेच नवख्याची कोरणी घसरते. इतकी वर्षं एस कोरला, पण त्याच्याकडे त्याने कधी असा संशयाने पाहिलं नव्हतं. साधा तर नियम होता. एक पुस्तक, बुक. दोन पुस्तकं, बुक्स. ताईने शिकवलेला. ताई त्याच्याहून सात-आठ वर्षांनी मोठी, पुढे शाळेत इंग्रजी शिकवून रिटायर झालेली. पण तिचा पहिला वर्ग म्हणजे तो एकटा. आई लवकर गेली, वडील कामावर, आणि स्वयंपाकघरातल्या पाटावर ताई हातात उलथनं घेऊन त्याचं स्पेलिंग घ्यायची. एखादं अक्षर सुटलं की म्हणायची, "खाल्लास? भूक लागली होती का?" आणि पाठीत धपाटा. 'बिस्किट'मधला यू त्याने इतक्यांदा खाल्ला की शेजारच्या काकू भिंतीपलीकडून ओरडायच्या, "अगं, त्याला खरं बिस्किट दे एकदाचं!"

ताईने त्याचं कौतुक केल्याचं त्याला आठवत नव्हतं. आठवायचा प्रयत्न केला तर एकच शब्द हाती यायचा, "बरंय." शाळेत सुंदर अक्षराच्या स्पर्धेत त्याचा पहिला नंबर आला होता. चारचौघांत नाव पुकारलं, टाळ्या झाल्या, हेडमास्तरांनी प्रशस्तिपत्रक दिलं. तो धावत घरी आला, तर ताईने ते उजेडात धरून वाचलं आणि आतून लाल शाई आणली. छापणाऱ्याने 'सर्टिफिकेट'मधला एक आय गाळला होता. तिने तो वरून घातला, खाली बारीकशी खूण केली आणि मग ते प्रशस्तिपत्रक स्वतःच्या हाताने भिंतीवर लावलं. पुढे घरी येणाऱ्या प्रत्येकाला आधी ती लाल खूण दिसायची. त्याला तेव्हा रडू आलं होतं. त्याच्या कौतुकातसुद्धा तिने चूक काढली, असं त्याला किती तरी वर्षं वाटत राहिलं. आणि आज पितळेचा किस फुंकून टाकताना एकदम वाटलं की नाही, तिने ते खरं करून दिलं होतं. चुकीचं कौतुक तिला भावाच्या भिंतीवर चाललं नसतं.

"बाई," त्याने मान वर न करता विचारलं, "याचा नक्की अर्थ काय हो?"

बाई फोनमधून बाहेर आल्या. "कशाचा? कुडोसचा? म्हणजे... वाहवा. लोकांसमोर केलेली."

"शाबासकी?"

"हो, पण..." त्या थबकल्या. "शाबासकी म्हटलं की जरा लहान मुलांचं वाटतं, नाही का? हे मोठ्यांसाठी."

हे त्याला एकदम पटलं. शाबासकीला हात लागतो. कुणीतरी जवळ यावं लागतं, पाठीवर थाप पडावी लागते. हे आपलं लांबूनच. स्टेजवरून, काचेवरून, पितळेवरून. उभ्या आयुष्यात त्याने दुसऱ्यांची वाहवा कोरली होती. सर्वोत्तम, उत्कृष्ट, अतुलनीय, प्रदीर्घ सेवेबद्दल. कुठल्या तरी घरातल्या शोकेसमध्ये त्याने कोरलेली अक्षरं धूळ खात असतील, आणि घरचे म्हणत असतील, काय हा पसारा. त्याचं स्वतःचं नाव त्याने फक्त एकदा कोरलं होतं, शिकत असताना, पत्र्याच्या तुकड्यावर, आणि थोरल्या मालकांनी तो तुकडा बघून म्हटलं होतं, "नाव बरं आहे तुझं. आता दुसऱ्यांची शिक."

पाटी झाली. बाईंनी ती ट्रॉफीवर चिकटवून घेतली, "थँक्यू हं काका, खूप धावपळ झाली तुमची," म्हणाल्या आणि गेल्या. तुमची. तुम्ही. अहो. हे शब्द रोजचेच. पण चप्पल चावत असावी आणि दिवस अर्धा गेल्यावर ते कळावं, तसं आज त्याला ते कळलं. आपल्यात मोठ्या माणसाला अनेकवचन लावतात. तो एकटाच असतो, पण काका आले, काका बसले, काका चुकले. एक माणूस आणि त्याच्यामागे शब्दांचा सगळा लवाजमा. दिसतं अनेकवचन, पण आहे एकवचन. वय वाढत जातं तसा माणूस हळूहळू बहुवचनात ढकलला जातो आणि त्याला पत्ताही लागत नाही. वडील गेले तेव्हा एक 'अरे' गेला. बुटक्या म्हणून शाळेतला मित्र होता. तो परदेशात मुलाकडे गेला, आधी पत्रं बंद झाली आणि मग तोच. थोरले मालक गेले. लग्नाचं तर राहूनच गेलं. झालं असतं तरी ती 'अहो'च म्हणाली असती, हा भाग वेगळा. भाची, ताईची मुलगी, लहानपणी "मामा, तू कधी येणार?" म्हणायची, तिचं लग्न झालं, सासरच्यांपुढे 'तुम्ही' सुरू झालं आणि तेच पुढे चिकटलं. प्रत्येकाने मान दिला. मान देत देत एकेक जण मागे सरकला. आता तो राहत होता त्या लाँड्रीवरच्या खोलीत खालच्या भट्टीने फरशी कोमट व्हायची, आणि संध्याकाळी घरी गेल्यावर तो आधी अनवाणी उभा राहायचा, तेवढी एक ऊब कुणी न विचारता मिळते म्हणून. त्याने हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगणार तरी काय, की मला तुम्ही म्हणू नका?

राहिली होती ती ताई. अडलेला प्रत्येक इंग्रजी शब्द तो तिला फोन करून विचारायचा, अगदी केस पांढरे झाल्यावरही, आणि ती उत्तराआधी "अरे गाढवा" म्हणायची. खरं सांगायचं तर कित्येक शब्द त्याला येत असायचे. मग ताईचं विसरणं सुरू झालं. आधी गॅस, मग किल्ल्या, मग वार. आणि मागे तो भाचीकडे तिला भेटायला गेला, तेव्हा ताईने खुर्चीतून अर्धवट उठून पदर सावरला होता आणि हसून म्हटलं होतं, "या ना, बसा. कुणाकडे आलात आपण?" तुम्हीसुद्धा नाही. आपण. शाळेत पालक भेटायला आले की ती ज्या आवाजात बोलायची, तोच आवाज. तो बसला होता, खुर्चीच्या कडेवर, पाहुणा बसतो तसा. बिस्किट पुढे आलं तेव्हा "कशाला उगाच" असंही म्हणाला होता. त्यानंतर तो गेला नव्हता. भाचीला सांगितलं, ऑर्डरी फार आहेत. खरं कारण एवढंच होतं की पुन्हा गेलो आणि पुन्हा 'आपण' ऐकलं, तर या जगात आपल्याला 'अरे' म्हणणारं कुणी उरलं नाही हे पक्कं होईल. न जाण्यात निदान शंकेला जागा होती. आणि म्हणूनच कुडोस की कुडो, हे विचारायला त्याच्याकडे कुणी नव्हतं. मालकाला विचारलं असतं तर त्याने फोनमध्ये बघून सांगितलंही असतं. पण मालकाने सांगितलं असतं, गाढव म्हटलं नसतं.

संध्याकाळी दुकान आवरताना त्याने भंगाराच्या डब्यातून जुनी पाटी उचलली. कुडो. चार अक्षरं, नेटकी, मधोमध, एकाही वळणाला हात चुकलेला नाही. त्याने ती रुमालात गुंडाळून शर्टाच्या खिशात टाकली. मालक कुलूप लावता लावता म्हणाला, "काका, मनाला लावून घेऊ नका हं."

"छे, छे," तो म्हणाला. "तुम्ही निघा."

आणि चालता चालता त्याच्या ध्यानात आलं की ज्याच्या नाकाचा शेंबूड आपण पुसला त्यालाही आपण तुम्ही म्हणतो. कधीपासून? फिट्टंफाट झाली म्हणायची. घरचा रस्ता उजवीकडे वळत होता. तो कोपऱ्यावर उभा राहिला. दुकानांच्या पाट्यांवरचे दिवे लागत होते, बायका भाजीच्या पिशव्या सावरत चालल्या होत्या, एक माणूस फोनवर कुणाला तरी मोठ्याने "अरे येड्या, ऐक तर!" म्हणत गेला, आणि तो ऐकत राहिला, तो येडा कुठे का असेना, त्याचा हेवा करत. आज त्याला शिव्या खायच्या होत्या. नुसतं चुकून भागत नाही, ती चूक कुणाच्या तरी पदरात नेऊन टाकावी लागते, नाहीतर ती अंगावरच राहते. तो डावीकडे वळला आणि बस आली तेव्हा विचार बदलायच्या आत चढला.

दार भाचीने उघडलं. "मामा! अहो, किती दिवसांनी! फोन तरी करायचा." मग आवाज खाली आणून म्हणाली, "आज जरा बरी आहे. पण ओळखेलच असं नाही हं. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका."

ताई खिडकीपाशी बसली होती. पांढरे केस नीट विंचरलेले, मांडीवर घडी घातलेला टॉवेल, तो ती पुन्हा उलगडून पुन्हा घडी घालत होती, कडेला कड जुळवून. त्याची चाहूल लागली तशी तिने वर पाहिलं. तो तोंडी परीक्षेला उभा राहायचा तसा उभा राहिला. ती हसली. ओळखीचं हसू नव्हतं.

"या," ती म्हणाली. "बसा ना आपण."

झालं. पक्कं झालं. तो तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसला. भाची चहा टाकायला आत गेली. बाहेर कुणीतरी गॅलरीत कपडे झटकत होतं, त्याचा आवाज येत होता. परक्या बाईशी तरी माणूस काही बोलतो, हवापाण्याचं विचारतो. स्वतःच्या बहिणीला काय विचारायचं? कशा आहात? ते शब्द जिभेवर आले आणि तो घाबरला. आपण तिला 'अगं' म्हटलं नाही, तर तिचाही शेवटचा 'अगं' गेला. एवढ्या दिवसांत हे त्याच्या मनाला शिवलंच नव्हतं. तो आपलीच मोजदाद करत बसला होता.

"अगं ताई," तो म्हणाला. "हे बघ ना. हे बरोबर आहे का?"

त्याने रुमाल उलगडून पाटी तिच्या हातात दिली. तिने ती उजेडाकडे तिरकी केली, तशीच, त्या प्रशस्तिपत्रकासारखी. कोरलेल्या खाचांवरून बोट फिरवलं. के. यू. डी. ओ. 'ओ'वरून बोट पुढे सरकलं, गुळगुळीत पितळेवर थोडं चाचपडलं, थांबलं. ती परत मागे आली, परत 'ओ'पर्यंत गेली. भुवया जवळ आल्या. तोंडाच्या दोन्ही बाजूंना त्या दोन रेघा उमटल्या, ज्यांना अख्खी शाळा घाबरायची.

"एस कुठाय?"

तो तिच्या थांबलेल्या बोटाकडे बघत राहिला.

"एस कुठाय, विचारतेय मी." तिने डावा हात उचलला, आणि तो त्याच्या पाठीत येऊन बसला. जोर असा नव्हताच. टॉवेल पडावा तेवढाच. "खाल्लास? गाढवा! भूक लागली होती का?"

"हो," तो म्हणाला. "लागली होती."

"दहा वेळा लिहून आण उद्या."

"आणतो."

तिचा हात पाठीवरच राहिला होता. बहुधा उचलायचा असतो हे ती विसरली होती. तो हलला नाही, श्वासही बेतानेच घेतला. तिने आपल्याला ओळखलं, की पाचवीतला कुणी पोरगा समोर उभा आहे असं तिला वाटलं? शाळेतली शेकडो पोरं तिने याच शब्दांनी झोडपली असतील. विचारता आलं असतं. सांग ना ताई, मी कोण? पण तिने शिकवलेलं एवढं तरी त्याला येत होतं, की बरोबर आलेलं उत्तर पुन्हा खोडून तपासायचं नसतं. भाची ट्रे घेऊन दारात आली आणि तशीच उभी राहिली. मग ताईचा हात आपसूक खाली सरकला, पाटी टॉवेलवर ठेवली गेली, रेघा मावळल्या, आणि ती पुन्हा गोड हसली.

"चहा घ्याल ना आपण?"

"घेईन ना," तो म्हणाला.

परतताना बस जवळजवळ रिकामी होती. पाटी तिने टॉवेलाच्या घडीत ठेवून घेतली होती, मागितली तेव्हा "तपासायची राहिलीये" म्हणाली. आता उद्या पितळेचा एखादा वाया गेलेला तुकडा शोधायचा आणि जेवणाच्या सुट्टीत शब्द दहा वेळा कोरायचा, एससकट. तिला ते आठवणार नाही. तरी न्यायचं. कंडक्टर तिकीट देऊन गेला आणि दोन सीटा पुढे जाऊन वळून म्हणाला, "आजोबा, अहो टेकून बसा ना आरामात. शेवटच्या स्टॉपला जायचंय तुम्हाला."

"असू द्या," तो म्हणाला, आणि समोरची दांडी धरून, सीटला पाठ न लावता, तसाच ताठ बसून राहिला.